सेंटिमीटरची मर्यादा

यकृताला कर्करोग झाला तर यकृतच बदलावे, हा विचार वरवर पाहता बिनतोड वाटतो. अमेरिकेत थॉमस स्टार्झल यांनी १९६३ मध्ये यकृतारोपणाचा पहिला प्रयत्न केला. यश यायला १९६७ उजाडले. परंतु कर्करोग्यांत रोग नव्या यकृतातही उलटू लागला. दुर्मीळ यकृत वाया जाते, म्हणून पुष्कळ शल्यविशारदांनी हा मार्गच सोडला.

मिलानच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील व्हिन्चेन्झो माझ्झाफेरो यांनी प्रश्न बदलला: आरोपण कोणावर करावे? गाठ एकच असल्यास ५ सेंटिमीटरपर्यंत. अथवा फार तर ३ गाठी, प्रत्येक ३ सेंटिमीटरपर्यंतच. आणि रोग रक्तवाहिन्यांत शिरलेला नसावा. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात रुग्ण अवघे ४८. ४ वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण ७५ टक्के. एवढ्याशा आधारावर नियम बांधणे धाडसाचेच, पण तो जगभर टिकला.

मात्र मर्यादा आखणारा हात नकारही लिहीत असतो. साडेपाच सेंटिमीटरवाल्याने काय करावे? माझ्झाफेरो यांनी स्वतःचीच रेषा २००९ मध्ये १५५६ रुग्णांच्या नोंदींवर पारखली. पुढे २०२० मध्ये, रेषेबाहेरची गाठ उपचारांनी आधी आटोक्यात आणून मग आरोपण केल्यास आयुष्य वाढते, हेही दाखविले.

भारतात १९९४ मध्ये अवयवारोपणाचा कायदा झाला आणि १९९८ मध्ये दिल्लीत पहिले यशस्वी यकृतारोपण. येथे यकृताचा भाग बहुधा घरातलेच कोणी देते. म्हणून हुबळी-धारवाडच्या एखाद्या घरात ही मोजपट्टी लागते ती दोघांना: गाठ असलेल्या भावाला, आणि त्याच्यासाठी शस्त्राखाली जाणाऱ्या निरोगी बहिणीला.