न्हाणीघरातला विस्तव

कोल्हापूरच्या जुन्या घरांत बंबाची जागा ठरलेली असे. शिवाजी पेठेत म्हणा, शुक्रवार पेठेत म्हणा, सोपा, माजघर, स्वयंपाकघर ओलांडून मागे गेलं की परड्याच्या तोंडाशी, वर चार कौलं आणि बाजू मोकळ्या अशा आडोशाला तांब्याचा बंब उभा. त्याच्या पोटातल्या नळीत शेणी, उसाची चिपाडं, करवंट्या पेटायच्या आणि धूर वरून आभाळात जायचा. पाणी तापलं की तोटीखाली बादली धरायची आणि ती उचलून न्हाणीत न्यायची. पावसाळ्यात हा खटाटोप नको व्हायचा, तरीही बंब कोणी न्हाणीत ओढून नेत नसे. कारण साधं होतं. धूर डोळ्यांत जाई. त्यासाठी रसायनशास्त्र शिकावं लागत नव्हतं.

पुढे गॅसचा गीझर आला. धूर नाही, राख नाही, तोटी फिरवली की कढत पाणी! डोळ्यांना काही चुरचुरेना, तेव्हा आजवर बाहेर ठेवलेला विस्तव आम्ही मुकाट्याने न्हाणीत, दाराच्या आत घेतला. तो पुन्हा बाहेर का न्यावा आणि कसा न्यावा, एवढ्यापुरतंच आज बोलायचं आहे.

थोडा हिशेब करू. एक किलो गॅस पुरता जळायला सुमारे १२ घनमीटर हवा लागते. मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा गीझर पूर्ण भराने चालला, तर तासाला साधारण एक किलो गॅस जाळतो. म्हणजे दहा मिनिटांच्या आंघोळीला दोन घनमीटर हवा खर्ची पडते. आता चार फूट रुंद, सहा फूट लांब आणि आठ फूट उंच अशी आपली न्हाणी घ्या. तिच्यात हवा भरते जेमतेम साडेपाच घनमीटर. पहिला माणूस आंघोळ करून येतो, त्याला काही होत नाही. दुसरा जातो, तिसरा जातो. दार तेवढं क्षणभर उघडतं, झरोका बंदच. ज्योतीला आपलाच जळका वायू परत परत ओढावा लागतो. पोटभर प्राणवायू मिळेनासा झाला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो.

हा वायू दिसत नाही आणि त्याला वासही नाही. सिलिंडरमधल्या गॅसला जो उग्र वास येतो, तो मुद्दाम मिसळलेला असतो, गळती कळावी म्हणून. गॅस जळला की तो वासही जळून जातो. त्यामुळे ‘वास आला तर बघू’ म्हणणाऱ्याला बघण्याची संधी मिळत नाही. रक्तातला जो पदार्थ प्राणवायू वाहून नेतो, त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहूनही अधिक जोराने चिकटतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग पायांतलं बळ जातं. दाराची कडी हाताशी असते, पण ती काढण्याइतकं त्राण उरत नाही.

एमिल झोला हे नाव वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांना सांगायला नको. १९०२ च्या सप्टेंबरात पॅरिसमध्ये त्यांच्या झोपण्याच्या खोलीत शेगडी पेटवलेली होती आणि धुराड्याची वाट तुंबलेली होती. रात्री नवरा-बायको दोघांनाही बरं वाटेना. सकाळी दार उघडलं तेव्हा झोला गेलेले होते. पत्नी वाचल्या. रात्रीच्या त्या अस्वस्थपणाला त्यांनी अपचन समजून सोडून दिलं होतं, असं सांगतात. आपल्याकडे याच दुखण्याला पित्त म्हणतात.

आमच्या कॉलेजातला एक विद्यार्थी गावातल्या जुन्या घरात खोली घेऊन राहत होता. चौघांत एक न्हाणी, तिच्यात गीझर. जुलै महिना, पावसाची झड आत येते म्हणून झरोक्याला पोतं कोंबलेलं. आंघोळीला चौथा नंबर त्याचा. बराच वेळ पाण्याचा आवाज येतोय आणि हाकेला ओ नाही, म्हणून मुलांनी धक्का दिला. कडी कुजकी होती, ती तुटली. तो भिंतीला टेकून बसलेला सापडला. मोकळ्यावर आणल्यावर शुद्धीवर आला. “उपाशीपोटी आंघोळ केलीस, चक्कर येणारच,” असं शेजारच्या आजी म्हणाल्या. करोनाच्या दिवसांत घेतलेलं, बोटाला लावायचं यंत्र एका मुलाजवळ होतं. त्यावर आकडा आला ९८. सगळ्यांना हायसं वाटलं.

हे हायसं वाटणंच घातक आहे. रक्ताला प्राणवायू चिकटला आहे की हा विषारी वायू, हा फरक त्या छोट्या यंत्राला कळत नाही, म्हणून आकडा चांगलाच दिसतो. अशा माणसाला मोकळ्या हवेत आणावं, गॅस बंद करावा, १०८ क्रमांकाला फोन करावा आणि डॉक्टरांना ‘न्हाणीत गॅसचा गीझर होता’ हे आपण होऊन सांगावं. साध्या हवेत रक्तातला निम्मा वायू उतरायला चार-पाच तास लागतात. मास्कने शुद्ध प्राणवायू दिला तर दीड तासाच्या आत तेवढा उतरतो.

आता ओलीकडे वळू, कारण कोल्हापुरात हा प्रश्न ओलीने बिकट केला आहे. एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफेच्या रूपाने हवेत मिसळतं. पंचगंगा फुगलेली, भिंतींना ओल आलेली, दारं फुगून बसलेली अशा दिवसांत त्यात आंघोळीची वाफ मिळते. त्या दमटपणात बर्नर गंजतो, त्याची छिद्रं बुजतात, वरच्या पातळ पत्र्यांत काजळी अडकते, कधी कोळी आत जाळं करतो. निळी ज्योत मग पिवळी पडते. पिवळी ज्योत दिसली की गीझर वापरायचा थांबवावा. पण ज्योत निळी आहे म्हणून कोंडलेली न्हाणी निर्धोक झाली, असं मात्र समजू नये.

त्या घराच्या मालकांनी अखेर गीझर हलवला. मागच्या बोळात, भिंतीवर बंबाची जुनी काजळी अजून होती, तिच्या शेजारीच तो बसवला. नळाचं काम करणाऱ्याची हरकत होती की पाणी वाटेत गार होईल. बारा फुटांची अर्ध्या इंची नळी लागली. तिच्यात पाणी मावतं अर्धा लिटर. म्हणजे पहिला अर्धा तांब्या गार येतो, एवढाच काय तो तोटा. नळीला वेष्टण घातलं की पुढचं पाणी कढत राहतं.

जागा निवडताना दोन-तीन गोष्टी पाहाव्यात. बोळ वरून उघडा हवा. झोपण्याच्या खोलीची खिडकी शेजारी नको, नाहीतर पीडा न्हाणीतून काढून उशाशी आणल्यासारखं होईल. वर पावसाला पत्रा घालावा, पण बाजूला पडदा लावू नये. फ्लॅटमध्ये बाल्कनीला काचा लावून घेतलेल्या असतात. ती बाल्कनी नावाला बाहेर, हिशेबाला आत! तिथे गीझर नको. न्हाणीतला पंखा चांगला, पण आत हवा यायला वाट नसेल तर तो तरी काय ओढणार? मोकळी जागाच नसेल तर विजेचा गीझर घ्यावा. त्याचं अर्थिंग मात्र जाणकाराकडून तपासून घ्यावं.

सिलिंडरचं वेगळं आहे. न जळलेला गॅस हवेपेक्षा जड, तो खाली उतरून साचतो. म्हणून सिलिंडर तळघरात, जिन्याखालच्या खळग्यात किंवा जोत्याच्या पोकळीत कधीही ठेवू नये. सपाट जागी, उभा, मोकळ्यावर ठेवावा. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये ज्यांच्या घरात पुराचं पाणी शिरलं, त्यांनी गीझर त्या खुणेच्या वर बसवावा. आणि पाण्यात बुडालेला गीझर कारागिराने उघडून साफ केल्याशिवाय पेटवू नये.

हे सगळं व्हायला आठ-पंधरा दिवस लागतील. तोवर आधी बादली भरून घ्यावी, गीझर बंद करावा, दार-झरोका दहा मिनिटं सताड उघडा ठेवावा आणि मगच आंघोळीला जावं. दुसऱ्याची बादलीही अशीच भरावी. माळ्यावरचा बंब अजून मोडीत गेला नसेल, तर तोही तेवढे दिवस चालेल. मात्र पेटवायचा तो परड्यातच.