झाकल्या मुठीची किंमत

आजचा विषय ऐकून काहीजणी हसतील, काहीजणी नकळत पदर पुढं ओढतील. विषय केसांचा आहे. पण कुठलं तेल लावायचं, केस काळे कसे ठेवायचे, ते मी सांगणार नाही. केस विरळ झाले म्हणून शहरातल्या सेंटरमध्ये जाऊन केस बसवून घेतले, त्यासाठी वर्षाचं महागडं सभासदत्व घेतलं, आणि पुढं ते नकोसं झालं तर त्यातून सुटायचं कसं, याबद्दल आज बोलायचंय.

आमच्या गटातल्या एका ताईच्या बाबतीत हे घडलं. तिला विचारूनच सांगतेय. नाव मात्र तिचंही सांगणार नाही आणि त्या सेंटरचंही नाही.

ताई शिवणकाम करते. दोन वर्षांपूर्वी तिला टायफॉइड झाला. ताप गेला आणि दोन-अडीच महिन्यांनी केसांचे पुंजके हातात यायला लागले. भांग रुंद झाला, पुढची टाळू दिसायला लागली. हळदीकुंकवाला जायचं तिनं बंद केलं. ब्लाउजचं माप द्यायला बायका आल्या तरी डोक्यावरचा पदर काढेना. त्यात लेकीचं लग्न ठरलं. मोबाइलवर जाहिरात दिसली, ‘तपासणी मोफत’. ती एकटीच गेली.

तिथं एका मशीननं तिची टाळू मोठ्या पडद्यावर दाखवली. एवढी मोठी करून दाखवली की बघून तिला रडू आलं. मग गोड बोलून समजावलं. डोक्याच्या मापाचा पॅच बनवायचा, तो टेप आणि गोंदानं चिकटवायचा, दर महिन्याला येऊन काढून, धुऊन परत बसवून घ्यायचा. वर्षाचं सभासदत्व ४८,००० रुपये. त्यात पॅचचे १८,००० आणि महिन्याच्या सर्व्हिसचे २,५०० प्रमाणे १२ महिन्यांचे ३०,०००. ‘एकदम भरू नका मॅडम, ८,००० आज भरा, बाकीचे ४,००० चे १० हप्ते.’ तिनं टॅबवर बोट फिरवून सही केली, मोबाइलवर आलेला ओटीपी सांगितला. वीस मिनिटांत काम झालं.

लग्नात ती छान दिसली. हे मी मुद्दाम सांगतेय. नंतर घरातले म्हणाले, ‘हौसेला मोल नाही, भोग आता.’ मला ते पटत नाही. चारचौघांत मान वर करून वावरावंसं वाटणं हा काही गुन्हा नाही. तिनं जे मागितलं त्यात चूक नव्हती.

पण गोंदानं खाज सुटली. उन्हाळ्यात घामानं टाळूवर पुटकुळ्या आल्या. महिन्याला एकदा शहर गाठायचं म्हणजे एसटीला अर्धं तिकीट असलं तरी शिवणाचा एक दिवस मोडतो. तिसऱ्या महिन्यानंतर तिनं सांगितलं, मला हे नको, बंद करा.

आता पुढचं ऐका. काउंटरवरची मुलगी म्हणाली, ‘रद्द करायचं काम इथं होत नाही, मुख्य ऑफिसला फोन लावा.’ मुख्य ऑफिस म्हणालं, ‘शाखेत अर्ज द्या.’ शाखेत अर्ज न्यावा तर मॅनेजर सुटीवर. मॅनेजर भेटले तर म्हणाले, ‘रद्द कशाला करता, तीन महिने थांबवून ठेवू.’ मग म्हणाले, ‘तुमच्या ओळखीतली दुसरी कुणी आणा, तिच्या नावावर करून देतो.’ शेवटी एका कागदावर बोट ठेवलं, ‘भरलेले पैसे परत मिळणार नाहीत, तुमची सही आहे.’ इकडं दर महिन्याला खात्यातून ४,००० जातच होते. एका महिन्यात खात्यात शिल्लक कमी पडली, तर हप्ता परत गेल्याचा दंड वेगळा.

आम्हाला हे कळलं कसं? तिनं सांगितलं नाही. गटाची बचत सलग दोन बैठकांना आली नाही म्हणून सचिवांनी पासबुक मागितलं, तेव्हा तो हप्ता दिसला. सांगितलं का नाहीस असं विचारल्यावर म्हणाली, ‘केसांसाठी पैसे घातले हे कुणाला सांगू?’

मैत्रिणींनो, झाकली मूठ सव्वा लाखाची असं आपण म्हणतो. इथं झाकली मूठ सेंटरवाल्याच्या कामी येत होती. ही बाई कुठं बोलणार नाही, नवऱ्याला सांगणार नाही, वकिलाकडं जाणार नाही, हे त्याला ठाऊक असतं. कराराच्या कागदापेक्षा आपल्या लाजेवर त्याचा जास्त भरवसा असतो. म्हणून पहिलं काम हेच, की विश्वासातल्या एका तरी बाईला सांगायचं. दुसरं काम कागदाचं. ते आता सावकाश सांगते. वही-पेन असेल तर लिहून घ्या.

एक. तोंडी बोलणं थांबवा, लेखी द्या. फोनवर कितीही वेळा सांगितलं तरी उद्या ते ‘आम्हाला माहीत नाही’ म्हणू शकतात. अर्जात एवढंच लिहायचं: ‘मी अमुक तारखेला तुमचं सभासदत्व घेतलं. अमुक कारणानं मला आजपासून ही सेवा नको आहे. माझं सभासदत्व रद्द करावं. मी वापरलेल्या वस्तूचा आणि सेवेचा हिशोब लेखी द्यावा आणि न वापरलेल्या महिन्यांचे पैसे परत करावेत. १५ दिवसांत उत्तर न आल्यास मी ग्राहक आयोगाकडे तक्रार करेन.’ खाली सही, तारीख. शाखेच्या आणि मुख्य ऑफिसच्या पत्त्यावर स्पीड पोस्टानं पाठवायचं आणि पोस्टाची पावती जपून ठेवायची. ईमेल करता येत असेल तर तोही करा. गोंदानं त्रास झाला असेल तर डॉक्टरांचा कागद आणि टाळूचे फोटो सोबत जोडा.

दोन. हप्ता कोण कापतंय ते पासबुकावरून शोधा. हे फार महत्त्वाचं आहे. दोन प्रकार असतात. पहिल्या प्रकारात सेंटर स्वतःच दर महिन्याची फी आपल्या खात्यातून घेत असतं. ती परवानगी आपण दिलेली असते, म्हणून ती आपल्याला काढूनही घेता येते. यूपीआयवर असेल तर त्याच ॲपमध्ये ऑटो पे बंद करता येतं. बँकेतून असेल तर शाखेत जाऊन ‘हे मँडेट रद्द करा’ असा अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची.

दुसऱ्या प्रकारात फायनान्स कंपनीनं आपल्या नावावर कर्ज काढून सगळी रक्कम सेंटरला आधीच दिलेली असते, आणि आपण ते कर्ज फेडत असतो. ताईचं तसंच झालं होतं. तिला वाटत होतं ती सेंटरची फी भरतेय, खरं तर ते ४०,००० चं कर्ज होतं. अशा वेळी रागाच्या भरात हप्ता बंद करू नका. कर्ज थकलं तर दंड लागतो, सिबिलवर नोंद होते आणि पुढं शेळ्यांसाठी किंवा मशीनसाठी कर्ज मागायला गेलं की ती नोंद आडवी येते. इथं सेंटरला लिहायचं की उरलेली रक्कम फायनान्स कंपनीला परत करून माझं कर्ज बंद करा, आणि त्याच पत्राची प्रत फायनान्स कंपनीलाही द्यायची. फायनान्स कंपनीनं ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. त्याला फी नाही. माहितीसाठी फोन नंबर आहे १४४४८.

तीन. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर १९१५. मराठीत बोलता येतं. तक्रार नोंदवली की नंबर मिळतो आणि ती तक्रार कंपनीपुढं मांडली जाते. हे कोर्ट नाही, हुकूम देत नाही. पण फोन न उचलणारे लोक तिथली तक्रार गेली की बऱ्याचदा बोलायला लागतात.

चार. तरीही काही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. ‘शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये’ असं लगेच मनात येईल. पण २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आपल्याला बरंच हलकं करून देतो. आपण जिथं राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, सेंटर पुण्यात असो की मुंबईत. वस्तू किंवा सेवेसाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील लावलाच पाहिजे असं नाही. मुदत दोन वर्षांची आहे, तेवढी चुकवू नका.

आणि ‘पैसे परत मिळणार नाहीत, सही आहे’ या वाक्याला घाबरू नका. सही झाली म्हणजे वाटेल ती अट चालते, असं नाही. ग्राहकावर अवाजवी बोजा टाकणारी अट अन्याय्य ठरू शकते. बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असं हाच कायदा सांगतो. ॲपवरून किंवा वेबसाइटवरून सभासदत्व विकत असतील तर आणखी एक गोष्ट आहे. केंद्र सरकारनं २०२३ मध्ये ग्राहकाला फसवणाऱ्या १३ युक्त्यांची यादी काढून त्यांना बंदी केली. सभासदत्व रद्द करायची वाट लपवणं किंवा ती मुद्दाम अवघड करणं, ही त्यातलीच एक.

आमच्या ताईचं काय झालं? अर्ज गेले, १९१५ ला तक्रार गेली. सीआरपी ताई आणि मी, दोघी तिच्यासोबत शाखेत गेलो. तीन बायका वही उघडून समोर बसल्यावर बोलण्याचा सूर बदलला. आम्ही बिलावरचा हिशोबच मांडला. पॅच १८,०००, तीन महिन्यांची सर्व्हिस ७,५००, म्हणजे तिनं वापरलं २५,५०० चं. उरले २२,५००. आधी म्हणाले काहीच नाही, मग म्हणाले १०,०००, शेवटी १८,००० वर आले. तोवर पाच हप्ते गेले होते, कर्जाचे २०,००० उरले होते. सेंटरनं १८,००० फायनान्स कंपनीला परत केले, ताईनं २,००० भरले आणि कर्ज संपल्याचा दाखला घेतला. ४,५०० तिनं सोडून दिले. आयोगात जाऊन तेही मागता आले असते. पण लेकीच्या घरी पाहुणा येणार होता, तिला हा विषय संपवायचा होता. तो निर्णय तिचा होता, आम्ही जोर केला नाही.

ज्या मैत्रिणी अजून अशा दारापर्यंत गेलेल्या नाहीत, त्यांच्यासाठी थोडं सांगते. केस गळायला लागले की आधी ग्रामीण रुग्णालयात दाखवा. रक्तातलं लोह कमी असणं, थायरॉइड, बाळंतपण, मोठा ताप, अशी कितीतरी कारणं असतात. बाळंतपणानंतर किंवा तापानंतर गळालेले केस बहुतेक वेळा काही महिन्यांत परत येतात. २०२५ च्या सुरुवातीला बुलढाण्यात शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस अचानक गळायला लागले, तेव्हा किती घबराट झाली हे आपण बातम्यांत पाहिलं. घाबरलेल्या माणसाला काहीही विकता येतं, म्हणून घाबरलेल्या दिवशी सही करू नका.

आणि तरीही केस बसवून घ्यायचे असतील तर खुशाल घ्या. मात्र तीन प्रश्न विचारा आणि उत्तरं कागदावर घ्या. मध्येच बंद केलं तर किती पैसे परत मिळतील? हप्ता सेंटरचा की फायनान्सचा? गोंद सोसतो का ते आधी थोड्या जागेवर लावून बघता येईल का? कर्ज असेल तर व्याज आणि सगळे खर्च एकत्र सांगणारं पत्रक कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यायचं, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मराठीत मागा. आणि समोरचा काय सही करून घेतोय हे कळल्याशिवाय ओटीपी सांगू नका, भले समोरचा कितीही गोड बोलो.

आमच्या गटानं आता एक रीत पाडलीय. दर तीन महिन्यांनी सगळ्याजणी पासबुक भरून आणतात आणि बचतीची वही लिहून झाली की एकच प्रश्न विचारला जातो: कुणाच्या खात्यातून न कळणारा हप्ता जातोय का? पहिल्याच वेळी आणखी दोघींच्या खात्यांत असा हप्ता निघाला. एकीचा मोबाइलवरच्या कुठल्याशा ॲपचा, दुसरीचा विम्याचा. तुमच्या पुढच्या बैठकीत हा प्रश्न जरूर विचारा. जी हात वर करील तिला हसू नका, तिच्याशेजारी बसून अर्ज लिहा.