पाळीवरील एक तास
(ज्ञातिमेळाव्यात दिलेले भाषण)



आपला भंडारा जिल्हा समुद्रापासून शेकडो मैल दूर आहे. तथापि समुद्रावरील एका कामाविषयी आज चार शब्द बोलावयाचे आहेत. १९५४ साली ‘फेअरट्राय’ नावाचे ब्रिटिश जहाज समुद्रात उतरले. मासे धरून ते जहाजावरच साफ करावयाचे व गोठवावयाचे, अशी त्याची रचना होती. अशा जहाजांवर मासळी-प्रक्रियेचा पर्यवेक्षक असतो. जाळे वर आले की निवड करणे, आतडी काढणे, धुणे, गोठविणे व उणे १८ अंशांच्या किंवा त्याहून थंड कोठारात भरणे, हा सारा क्रम त्याच्या नजरेखाली चालतो. मासळी धरणारे निराळे; परंतु तिची किंमत टिकते ती याच्या दक्षतेमुळे.

आपल्या तलावांवर हा माणूस कोठे आहे? ढीवरांच्या सहकारी संस्था तलाव ठेक्याने घेतात, बीज सोडतात, राखण करतात. मात्र रोहू-कटला पाळीवर आली की उन्हात पडून राहते. वैशाखात येथील पारा ४० अंशांच्या वर जातो. त्या उष्म्यात मासा काही तासांतच बिघडू लागतो. बर्फ व्यापाऱ्याजवळ असतो, म्हणून भावही तोच ठरवितो. वर्षाची मेहनत एका सकाळी मातीमोल होते.

माझी विनंती अशी की, प्रत्येक संस्थेने या कामासाठी एक जबाबदार व्यक्ती नेमावी. जाळे ओढण्यापूर्वीच बर्फ पाळीवर यावा. मासळीच्या वजनाइतका फोडलेला बर्फ खाली, मध्ये व वर घालावा. वितळलेले पाणी पेटीतून निघून जावे. मरळ हवेतून श्वास घेते. ती ओलसर ठेवून जिवंतच बाजारी न्यावी. मासळी निवडण्याचे व साफ करण्याचे काम आपल्या भगिनी पिढ्यान्‌पिढ्या करीत आल्या आहेत. ही जबाबदारी त्यांच्याकडेही द्यावी आणि त्यांची मजुरी संस्थेच्या वहीत लिहावी.

कोचीची केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्था १९५७ पासून याच विषयाचा अभ्यास करीत आहे. नागपुरासही मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे. आपली मुलेमुली तेथे जावोत. कोणी पुढे जहाजावर पर्यवेक्षक झाल्यास आपणांस अभिमानच वाटेल. परंतु ती विद्या आधी आपल्या पाळीवर यावी.

पाण्यातील मासा ओळखण्याची विद्या पूर्वजांनी आपणांस दिली. पाण्याबाहेरचा मासा राखण्याची विद्या आपण पुढील पिढीस देऊ या, एवढे बोलून मी आपली रजा घेतो.