गुडघ्याची वाटी आणि आपली भीती



विहारात वंदनेला बसताना भिंतीचा आधार शोधणाऱ्या आपल्या आयाबहिणी आपण नेहमी पाहतो. जन्मभर ओझी वाहिलेली, उकिडवे बसून कामे केलेली ही माणसे ‘वय झाले’ म्हणून दुखणे अंगावर काढतात. शस्त्रक्रियेचे नाव काढले की म्हणतात, “वाटी बदलली की पाय कायमचा जातो.”

खरे म्हणजे वाटी बहुधा जागेवरच राहते. हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत कूर्चा झिजून हाडावर हाड घासू लागते, हे दुखण्याचे मूळ. डॉक्टर झिजलेली टोके काही मिलिमीटर कापतात, मांडीच्या हाडावर धातूचे टोपण आणि नडगीच्या हाडावर धातूची चकती बसवतात. मध्ये टणक प्लॅस्टिक असते. अर्थात वजन कमी करणे, मांडीचे व्यायाम, औषधे हे आधी. रात्रीची झोप मोडू लागली, चार पावले चालवेना, तेव्हा हा मार्ग. पण पाय पार वाकडा होईपर्यंत थांबणेही शहाणपणाचे नाही.

धोका नाहीच असे कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नये. जंतुसंसर्ग होऊ शकतो, पायात रक्ताची गुठळी होऊ शकते. म्हणून मधुमेह आधी आटोक्यात हवा. मात्र 2019 साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अभ्यासानुसार पूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे 82 टक्के 25 वर्षे टिकतात.

आता पैशाचे. बँकेत काम करणाऱ्या आम्हां लोकांची नजर आधी कागदावर जाते. ऑगस्ट 2017 मध्ये सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली. कोबाल्ट-क्रोमियमच्या नेहमीच्या सांध्याला तेव्हा कर सोडून 54,720 रुपये ठरले. सांध्याची कंपनी, बॅच नंबर व किंमत बिलात वेगळी दाखवावी, असेही त्या आदेशात होते. ते बिल मागून घ्यावे, जपून ठेवावे. खोली, भूल, डॉक्टरांची फी यांचा खर्च वेगळा, तोही आधीच लेखी विचारावा.

उपासिकांची मोठी शंका वंदनेची. मांडी घालणे, गुडघे टेकून पंचांग प्रणाम करणे डॉक्टर सहसा टाळायला सांगतात. खुर्चीवर बसून त्रिसरण-पंचशील घेतले तर त्यात काय उणे? विहारात चार खुर्च्या मांडल्या की झाले.

विद्यार्थ्यांनो, तुमचे काम पुढचे. पेशंटला बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर घेऊन उभे करतात. नंतर गुडघा वाकवण्याचा व्यायाम अनेक आठवडे रोज करावा लागतो, आणि तो दुखतो. आजी टाळाटाळ करील, तिच्याजवळ बसून तो करून घ्या. आणि घरात कमोडची सोय शस्त्रक्रियेच्या आधीच करून ठेवा.