मोगऱ्याला कात्री लावा

महिन्याच्या बैठकीत बचतीचा हिशेब मिटला, की आमच्या गप्पा परसदारी जातात. तिथे एक तक्रार ठरलेली असते. "मोगरा कमरेएवढा झालाय, हिरवागार आहे, पण फूल म्हणून नाही." आज त्याच मोगऱ्याविषयी बोलू.

मोगऱ्याला कळी येते ती नव्या फुटव्यावर. जुन्या फांद्या तशाच ठेवल्या, तर झाड पानांनी भरतं आणि फुलं तुरळक येतात. म्हणून वर्षातून एकदा छाटणी हवीच. आपला हात मात्र धजत नाही. घरातलं कुणीतरी म्हणतंच, "चांगलं झाड बोडकं केलंस!" म्हणू द्या. चैत्रात तेच झाड उत्तर देईल.

छाटणी मार्गशीर्ष-पौषात, म्हणजे संक्रांतीच्या आत उरका. त्याआधी १५ दिवस पाणी तोडा. मग धारदार कात्रीने झाड जमिनीपासून दीड फुटावर कापा. वाळलेल्या, किडक्या आणि एकमेकींत अडकलेल्या फांद्या बुडापासून काढा. खालची एक लांब फांदी तेवढी राखून ठेवा, तिचं काम पुढे आहे. बुंध्याभोवतीचं आळं हलक्या हाताने खणा, ४-५ दिवस ऊन खाऊ द्या. मग कुजलेलं शेणखत दोन घमेली आणि मूठभर निंबोळी पेंड मातीत मिसळून पाणी द्या.

जागा उन्हाची हवी. आंब्याच्या सावलीत मोगरा फुलत नाही. भांड्यांचं पाणी तिथे सोडलं आणि चिखल राहिला, तर मुळं कुजतात. वरची माती सुकली, की पाणी द्यायचं. जमीन नसली तरी तेलाच्या डब्याला खाली भोकं पाडून त्यात मोगरा लावता येतो. डब्यातल्या झाडाला दोन ओंजळी खत पुरे.

कळ्यांना भोक दिसलं, तर आत अळी आहे असं समजा. अशा कळ्या तोडून नष्ट करा. निंबोळीच्या गराची ५० ग्रॅम पूड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, गाळून संध्याकाळी फवारा. एक बहर संपला, की फांद्यांची टोकं खुडा, पुन्हा फुटवे येतात.

कळ्या भल्या पहाटे तोडायच्या, टपोऱ्या पण मिटलेल्या. ओल्या फडक्यात ठेवल्या, की टिकतात. पालघर जिल्ह्यातल्या जव्हार, विक्रमगड भागात आदिवासी शेतकरी मोगऱ्याची शेती करतात, त्यांच्या कळ्या मुंबईला दादरच्या फूलबाजारात जातात. आपल्या दोन-चार झाडांवर संसार चालणार नाही. पण लग्नसराईत गटातल्या दहा घरच्या कळ्या एकत्र केल्या, तर गावातल्या गावात गजरे विकता येतील.

आता त्या राखलेल्या फांदीचं बघू. आषाढात पाऊस लागला, की ती जमिनीकडे वाकवा. पेराच्या खालच्या बाजूने साल थोडी खरवडा, तो भाग मातीत दाबा, वर दगड ठेवा. शेंडा बाहेर राहू द्या. हे दाब कलम. तीन-चार महिन्यांत मुळं धरतात. मग आईपासून तोडून पिशवीत लावा. पुढच्या संक्रांतीपर्यंत रोप तयार!

हेच रोप वाण म्हणून द्यावं, असं आम्ही सुचवतो. प्लॅस्टिकच्या डब्या घरोघरी साठल्यात. आणि मैत्रिणींनो, वाण देताना नवरा नसलेल्या आपल्या बहिणींना वगळू नका. बचत भरताना त्या आपल्या शेजारी बसतात, कर्जाच्या कागदावर आपल्या बरोबरीने सही करतात. मग हळदीकुंकवाच्या दिवशीच त्या घरी का? कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून विधवांच्या कुंकू पुसण्याच्या, बांगड्या फोडण्याच्या प्रथा बंद केल्या. आपल्या गावात ठराव होईल तेव्हा होईल. रोप हातात द्यायला आणि गजरा माळायला ठराव लागत नाही.

तेव्हा या आठवड्यात कात्रीला धार लावून घ्या. बहर आला, की गजरे सगळ्यांसाठी करा.