हरल्यानंतरचा हिशेब
(संस्थेच्या वार्षिक क्रीडा-पारितोषिक वितरण समारंभात केलेले भाषण)



बक्षीस समारंभात विजयावर बोलावे असा प्रघात आहे. विजेत्यांचे कौतुक मघाशी झालेच आणि ते योग्यच झाले. मला मात्र तुमची दहा-पंधरा मिनिटे पराभवासाठी हवी आहेत. स्पर्धेत जिंकणारा एक असतो आणि हरणारे पुष्कळ असतात. तरीही हरल्यावर काय करावे, हे आपण मुलांना कधी शिकवीत नाही. हरल्यावर काय बोलावे, हे मात्र मुले आपल्याकडून न शिकवताच शिकतात.

आपला हा किनारा कबड्डीचा. उरण-अलिबागपासून मुरूड-श्रीवर्धनपर्यंत भातकापणी उरकली की मोकळ्या शेतात मैदाने आखली जातात आणि दिव्यांच्या प्रकाशात रात्र-रात्र सामने चालतात. आपले आजोबा या खेळाला हुतूतू म्हणत. आखातातून सुटीवर आलेला आपला माणूस घरची खुशाली विचारून झाली की लगेच विचारतो, "यंदा संघ कसा आहे?" अशा मुलखातल्या माणसांना २०१८ सालचा ऑगस्ट महिना विसरता येणे कठीण आहे.

त्या वर्षी इंडोनेशियात जकार्ता येथे आशियाई क्रीडा स्पर्धा भरल्या होत्या. पुरुषांची कबड्डी १९९० साली या स्पर्धांत आली. तेव्हापासून २०१४ पर्यंत सातही सुवर्णपदके भारताने जिंकली होती. महिलांची कबड्डी २०१० साली आली आणि तीही दोन्ही सुवर्णपदके आपलीच होती. २३ ऑगस्टला उपांत्य सामन्यात इराणने आपल्या पुरुष संघाला २७-१८ असे हरविले. दुसऱ्या दिवशी महिलांच्या अंतिम सामन्यात इराणनेच आपल्या मुलींना २७-२४ असे हरविले. अठ्ठावीस वर्षांची मिरास दोन दिवसांत गेली.

बकरी ईद आदल्याच दिवशी झालेली होती. माणसे घरी होती, पाहुणे होते. चहाच्या दुकानातल्या टीव्हीपुढे उभे राहायला जागा नव्हती. सामना संपला आणि चर्चा सुरू झाली. एकाने पंचांना दोष दिला. दुसरा म्हणाला, कर्णधार अजय ठाकूरला दुखापत झाली, तिथेच सामना गेला. तिसऱ्याने निवड समितीला धारेवर धरले. चौथा म्हणाला, आपल्या खेळाडूंना पैसा मिळू लागला, आता त्यांना देशाचे काय पडले आहे! मीही त्या गर्दीत होतो आणि माझाही आवाज कमी नव्हता.

कोपऱ्यात एक वृद्ध गृहस्थ बसले होते. त्यांना आम्ही सगळे चाचा म्हणतो. तरुणपणी ते नावाजलेले पकडपटू होते. बराच वेळ ऐकून घेऊन ते म्हणाले, "अर्धा तास झाला. पंच झाले, कर्णधार झाला, समिती झाली. त्या इराणच्या पोरांनी पकडी कशा केल्या, ते कोणी बोललात का रे?"

कोणी काही बोलले नाही. कारण आम्ही कोणी ते पाहिलेच नव्हते. आमचे डोळे सगळा वेळ आपल्या सात खेळाडूंवर होते.

मित्रांनो, हरलेल्या संघाच्या चाहत्यांची ही जुनी खोड आहे. समोरचा आपल्यापेक्षा सरस असू शकतो, हे एक वाक्य सोडून आपण बाकी सगळी वाक्ये बोलतो. ते वाक्य बोलायला जड जाते हे खरे, पण ते बोलल्याशिवाय पराभवाचा हिशेब सुरूच होत नाही.

चाचांच्या प्रश्नानंतर मी घरी जाऊन मागचे निकाल काढून पाहिले. २०१४ च्या आशियाई स्पर्धेत पुरुषांच्या अंतिम सामन्यात याच इराणविरुद्ध मध्यंतराला आपण १३-२१ असे मागे होतो. शेवटी २७-२५ असे जिंकलो, म्हणजे केवळ दोन गुणांनी. २०१६ साली अहमदाबादला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातही मध्यंतरापर्यंत इराण पुढे होता. आपण ३८-२९ असा विजय मिळविला, गुलाल उधळला आणि तो पहिला अर्धा भाग विसरून गेलो. जकार्तालाच उपांत्य सामन्याच्या तीन दिवस आधी दक्षिण कोरियाने साखळीत आपल्याला एका गुणाने, २४-२३ असे हरविले होते. पराभव एका रात्रीत आला नव्हता. चार वर्षे तो दाराशी उभा राहून कडी वाजवीत होता.

इराणची ताकद आली कुठून? कुस्ती हा त्या देशाचा पिढ्यान् पिढ्यांचा खेळ आहे. कंबर धरणे, घोटा धरणे आणि धरले ते न सोडणे हे तिथल्या मातीत आहे. त्यात २०१४ साली आपल्याकडे प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि इराणचे खेळाडू आपल्या संघांतून खेळू लागले. फजल अत्राचली हा त्यांचा कोपरारक्षक. त्याला २०१८ च्या लिलावात मुंबईच्या संघाने एक कोटी रुपयांना घेतले. आपले चढाईपटू कोणत्या पायावर भार देतात, बोनस रेषेकडे कसे झुकतात, दमल्यावर काय करतात, हे तो आणि त्याचे सोबती वर्षानुवर्षे शेजारी उभे राहून पाहत होते. अहमदाबादच्या अंतिम सामन्यात ३८ गुण करणारा आपला संघ जकार्ताला १८ गुणांवर अडला, तो उगीच नव्हे. त्यांनी आपला अभ्यास केला होता. आपण मात्र त्यांचे कौतुक केले, त्यांच्यासाठी टाळ्या वाजविल्या, पण त्यांचा अभ्यास केला नाही.

महिलांच्या सामन्याची गोष्ट आणखी जिव्हारी लागणारी. इराणच्या मुलींच्या प्रशिक्षिका होत्या आपल्या नाशिकच्या शैलजा जैन. ही बातमी कळताच चहाच्या दुकानात नवा सूर लागला, "आपल्याच बाईने आपल्याला हरविले!" मी तुम्हाला विचारतो, शिक्षकाने ज्या वर्गाला शिकवायचे पत्करले, त्या वर्गाला मन लावून शिकवू नये काय? जैनबाई परक्या मुलखात गेल्या, तिथली भाषा शिकल्या, मुलींच्या सरावात योगासने आणि प्राणायाम आणला आणि ज्या मुली सुवर्णपदकाच्या जवळ येऊन परत जात होत्या, त्यांच्या हाती ते पदक दिले. हा रागावण्याचा विषय नाही. असे शिकविणारे माणूस आपल्या महाराष्ट्रात होते, तर त्याचा उपयोग आपण किती करून घेतला, हा प्रश्न विचारण्याचा विषय आहे.

आता मी स्वतःकडे वळतो, कारण दुसऱ्यांच्या चुका सांगणे सोपे असते.

आपल्या शाळेचा मुलींचा कबड्डी संघ तालुका स्पर्धेत एका मोठ्या शाळेकडून १९ गुणांनी हरला, हे तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. परतताना एसटीत मुली रडत होत्या. त्यांची समजूत घालण्यासाठी मी म्हणालो, "पंच त्यांच्या बाजूचे होते. तुमची काही चूक नाही." मला वाटले, मी त्यांना धीर दिला. तेव्हा मागच्या बाकावरची नववीतली एक मुलगी म्हणाली, "सर, आमची काही चूकच नसेल, तर मग पुढच्या वर्षी आम्ही काय वेगळं करायचं?"

मला उत्तर देता आले नाही. चाचांसमोर चूप बसलो होतो, तसाच त्या मुलीसमोर चूप बसलो. धीर देण्याच्या नादात मी त्यांच्या हातातली एकमेव गोष्ट काढून घेतली होती. चूक आपली असेल तर ती सुधारता येते. चूक फक्त पंचांची असेल तर आपण काहीच करू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही एक वही केली. सातही मुलींनी आठवून आठवून लिहिले, कोणती चढाई कुठे फसली, कोणती पकड कोणाच्या हातून सुटली. एका पालकांनी भ्रमणध्वनीवर घेतलेले चित्रण होते, ते चार वेळा पाहिले. काय दिसले? मध्यंतरापर्यंत आपण फक्त चार गुणांनी मागे होतो. उरलेले पंधरा गुण दुसऱ्या डावात गेले. मुली दमल्या होत्या. आपला सराव स्पर्धेच्या पंधरा दिवस आधी सुरू झाला होता आणि समोरच्या शाळेच्या मुली बारा महिने सकाळी धावत होत्या. पंचांचे दोन निर्णय आपल्याविरुद्ध चुकले, हेही चित्रणात दिसले. आम्ही तेही वहीत लिहिले. पण दोन गुण आणि एकोणीस गुण यांतला फरक मुलींना गणिताच्या शिक्षकाशिवाय कळला.

इकडे गावात निराळीच चर्चा चालू होती. एवढ्या गुणांनी हरायचे होते तर मुलींना पाठविलेच कशाला? आपल्या मुलींचा हा खेळच नव्हे. या बोलण्याचा परिणाम असा झाला की सातांपैकी दोन मुलींचा सराव घरच्यांनी बंद केला. त्यांचे पालक आज या सभेत बसले आहेत. त्यांचा मला आदर आहे आणि मुलींची काळजी त्यांना माझ्यापेक्षा अधिक आहे, हेही मी जाणतो. त्यांना मी एवढेच नम्रपणे सांगेन की ज्या इराणी मुलींनी भारताला हरवून सुवर्णपदक नेले, त्या डोके झाकून आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घालून खेळत होत्या. पेहराव कसा असावा हे प्रत्येक घराने ठरवावे. पण पेहरावामुळे खेळ अडतो, हे म्हणणे जकार्ताच्या मैदानात टिकले नाही. आपल्या मुली हरल्या त्या मुली आहेत म्हणून नव्हे. त्यांचा सराव कमी पडला आणि तो कमी पडण्यात माझा वाटा मोठा आहे.

पालकहो, हाच हिशेब दहावीच्या निकालालाही लावून पाहा. निकाल कमी लागला की आपण म्हणतो, पेपर कठीण होता, तपासणाऱ्याने कडक तपासले, शेजारच्या मुलाचे नशीब चांगले. मुलगा ते ऐकतो आणि सुटकेचा श्वास टाकतो. क्वचित तपासणीत चूक होतेही आणि तेव्हा दाद मागितलीच पाहिजे. पण उत्तरपत्रिकेची प्रत मागवून, कोणत्या प्रश्नाला किती गुण गेले हे मुलाला शेजारी बसवून पाहणारे पालक मला माझ्या नोकरीत फार थोडे भेटले. तसेच रागाच्या भरात मुलाला मारणे, चारचौघांत त्याचा पाणउतारा करणे, हाही हिशेब नव्हे. सबब सांगणारा आणि शिव्या देणारा, दोघेही उत्तरपत्रिका उघडून पाहत नाहीत.

म्हणून हरल्यानंतर तीन प्रश्न क्रमाने विचारावेत, असे मला वाटते. पहिला, समोरचा आपल्यापेक्षा कशात सरस होता? दुसरा, हे होणार याची सूचना आपल्याला आधी कधी मिळाली होती आणि तेव्हा आपण काय केले? तिसरा, उद्या सकाळी आपल्या हातात काय आहे? पंच, नशीब आणि दुखापत यांची चर्चा चौथ्या क्रमांकावर खुशाल करावी. पहिल्या तिन्हींची उत्तरे मिळाल्यावर चौथ्याला फारसा वेळ उरत नाही, असा माझा अनुभव आहे.

जकार्तानंतर काय झाले, तेही सांगतो. पुढची आशियाई स्पर्धा चीनमध्ये हांगझोऊ येथे, साथीमुळे एक वर्ष उशिरा, २०२३ साली झाली. मुलींना पहिल्याच सामन्यात चायनीज तैपेईने ३४-३४ असे बरोबरीत रोखले. अंतिम सामन्यात पुन्हा तोच संघ समोर आला आणि आपल्या मुलींनी तो २६-२५ असा, एका गुणाने जिंकला. त्याच दिवशी, ७ ऑक्टोबरला, पुरुषांनी इराणला ३३-२९ असे हरविले. एका निर्णयावरून वाद होऊन तो सामना २८-२८ वर बराच वेळ थांबला होता. त्या भारतीय संघात आपल्या महाराष्ट्राचा, अहिल्यानगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार होता. गरिबीत वाढलेला हा तरुण पुढे १ मार्च २०२४ रोजी पुणेरी पलटणचा कर्णधार म्हणून प्रो कबड्डीचा चषक उंचावताना सगळ्यांनी पाहिला. त्याच्या संघाने आदल्याच हंगामाचा अंतिम सामना जयपूरकडून ३३-२९ असा गमावला होता, हे मात्र फार जणांच्या लक्षात नाही.

विद्यार्थी मित्रांनो, हांगझोऊचे सुवर्णपदक एका गुणाचे आहे, हेही विसरू नका. एका गुणाने जिंकणारा जर वही उघडणार नसेल, तर पुढच्या वेळी तोच एका गुणाने हरेल. २०१४ च्या दोन गुणांच्या विजयाने आपल्याला हेच सांगितले होते.

शेवटी एक विनंती करतो आणि थांबतो. सोमवारपासून सकाळी साडेसहा वाजता शाळेच्या मैदानावर मुलींचा सराव सुरू होत आहे. तो पंधरा दिवसांचा नाही, वर्षभराचा आहे. चाचांनी आठवड्यातून दोनदा येऊन पकडी शिकविण्याचे कबूल केले आहे. शाळेतील एक शिक्षिका सरावाला पूर्ण वेळ हजर राहतील. पाच मुली येणार आहेत. कबड्डीला सात लागतात. त्या दोन मुलींच्या आईवडिलांनी एक दिवस स्वतः मैदानावर येऊन बसावे, सराव पाहावा, आमची ती वहीही पाहावी आणि मग काय तो निर्णय घ्यावा. निर्णय काहीही झाला तरी त्यांच्याविषयीचा माझा आदर कमी होणार नाही.

पुढच्या वर्षी आपण जिंकूच, असे वचन मी देत नाही. समोरची शाळा आजही आपल्यापेक्षा बलवान आहे आणि त्यांच्याही मुली उद्या सकाळी धावणारच आहेत. वचन एवढेच देतो की यंदा परतताना एसटीत मी पंचांचे नाव काढणार नाही.