परिचारिका शिक्षण आणि शासकीय अर्थसाहाय्य



आभ्यंतर तपाच्या सहा प्रकारांत वैयावृत्त्याची गणना होते. विहारात आजारी पडलेल्या साधू-साध्वींची सेवा हे पुण्यकर्म मानणाऱ्या घरांत, तीच सेवा घरच्या कन्येने रीतसर शिकून रुग्णालयात करावी असे म्हटले की मात्र कपाळावर आठ्या पडतात. ही अढी जुनी आहे. रमाबाई रानडे यांनी १९०९ साली पुण्यात उभ्या राहिलेल्या सेवासदनातून स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचर्येच्या शिक्षणासाठी पाठविले, तेव्हाही समाजाला ते रुचले नव्हते. आज ती अढी सैल होत आहे. परंतु तिच्या जागी दुसरी येऊन बसली आहे. ती म्हणजे शासनाकडे अर्ज करण्याचा संकोच. 'आपण देणारे, मागणारे नव्हे' असे म्हणून घरचा कर्ता पुरुष अर्जच भरत नाही. मग चार वर्षांच्या बी.एस्सी. नर्सिंगची फी जमेना म्हणून मुलीचे शिक्षण बारावीवरच थांबते.

वास्तविक कायद्याने दिलेली सवलत ही भिक्षा नव्हे. जानेवारी २०१४ मध्ये केंद्र शासनाने जैन समाजाला राष्ट्रीय स्तरावर अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केले. त्यानंतर केंद्राची गुणवत्ता व आर्थिक निकषावरील अल्पसंख्याक शिष्यवृत्ती जैन विद्यार्थ्यांनाही खुली झाली. तिची मंजुरी २०२१-२२ पर्यंतच होती, आणि अजूनही तिचीच वाट पाहणारे पालक आहेत. त्यांनी आता दुसऱ्या दाराकडे पाहावे. महाराष्ट्र शासनाने ८ जुलै २०२४ च्या निर्णयाने, वार्षिक कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील व अन्य काही प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात व परीक्षा शुल्कात शंभर टक्के लाभ दिला. अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर करावयाचा असतो.

आठ लाख हा आकडा ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटेल. दुकानावर पाटी आहे म्हणजे आपण अपात्र, असा समज घोटीच्या बाजारपेठेतही असणारच. किराणा वा कापडाच्या लहान दुकानाचे निव्वळ उत्पन्न कित्येकदा या मर्यादेच्या आत असते. मात्र कर्ज मिळावे म्हणून ज्यांनी आयकर विवरणपत्रात उत्पन्न फुगवून दाखविले, त्यांना ते येथे नडते.

यात सर्वांत दगा देणारी गोष्ट प्रवेशाची आहे. लाभ मिळतो तो केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून मिळालेल्या जागेला. सीईटी देऊन फेऱ्यांची वाट पाहण्याचा धीर न धरता, 'जागा जाईल' या भीतीने जे व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतात, ते पैसे जास्त मोजतात आणि सवलतही गमावतात. या घाईला आवर घालण्यास घरात कोणी जाणता असावा लागतो.

दुसरी अडचण कागदपत्रांची. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा दाखला तहसील कार्यालयातून, म्हणजे घोटीकरांना इगतपुरीहून, घ्यावा लागतो. त्यासाठी कुटुंब १३ ऑक्टोबर १९६७ रोजी वा त्यापूर्वीपासून महाराष्ट्रात वास्तव्यास असल्याचे दाखवावे लागते. आजोबा-पणजोबांच्या काळी राजस्थान वा गुजरातमधून व्यापारासाठी आलेल्या घरांना हा प्रश्न हमखास भेडसावतो. पिढ्यानपिढ्या येथे राहूनही पुरावा कोठे आहे हे ठाऊक नसते. आजोबांच्या शाळेच्या दाखल्याचा, जुन्या खरेदीखताचा, घरपट्टीच्या नोंदीचा शोध ऐन जुलैत सुरू होतो आणि तोवर मुदत टळते. दाखला आर्थिक वर्षापुरताच चालतो, हेही ध्यानात ठेवावे. बँक खाते मुलीच्या नावे व आधारशी जोडलेले असावे. अर्जाचे नूतनीकरण दरवर्षी करावे लागते. दुसऱ्या वर्षी विसरलेल्यांची उदाहरणे थोडी नाहीत.

शासन शुल्क देते, वसतिगृह व भोजनाचा खर्च देतेच असे नाही. डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजुरांच्या पाल्यांकरिता आहे. दुकानदाराची मुलगी तीत सहसा बसत नाही. शिवाय शासनाची रक्कम उशिरा येते, आणि महाविद्यालय पैसे आधी मागते. नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, घोटीहून ते दूर नाही. तरीही रुग्णालयातील रात्रपाळीमुळे अनेक मुलींना तेथे राहणे भाग पडते. ट्रस्टचा पैसा खरा येथे लागावा. पूर्ण फी भरून एका मुलीचे शिक्षण करण्याऐवजी, शासनाची रक्कम येईपर्यंत बिनव्याजी उसनवार आणि खानावळीचा खर्च यांतून तेवढ्याच निधीत कितीतरी अधिक मुली शिकतील. परत आलेली रक्कम पुढच्या मुलीला.

सुवर्णमहोत्सवी वर्षात एवढे तरी करता येईल. दिवाळीनंतर दोन रविवार स्थानकात टेबल मांडावे, अकरावी-बारावीच्या मुलींच्या घरी निरोप द्यावा, संगणक जाणणाऱ्या दोन तरुणांनी बसावे, आणि प्रत्येक घराने पेटीतील १९६७ पूर्वीचा एक कागद शोधून त्याची छायाप्रत घेऊन यावे.